कळांच्या सलाईनपाशी कोण बसते?

राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. कृष्णाबाई केळवकरांना उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, त्यांनी बायकांची सेवा केली. त्याच काळात, १९०६ साली, हेन्री डेल यांना पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसते असे दिसून आले. १९५३ मध्ये द्यू व्हिन्यो यांनी गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले.

कळा वाढवणाऱ्या औषधांच्या धोक्याची जाण मात्र याहून जुनी. अमेरिकेत १८०८ पासून कळा वाढवायला राय धान्यावरच्या बुरशीचे अर्गट देत. १८२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी मृत जन्मणाऱ्या बाळांकडे लक्ष वेधले आणि हे औषध फक्त बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला वापरा, असे बजावले.

कळ आली की वारेकडे जाणारे रक्त कमी होते. दोन कळांच्या मधे बाळ सावरते. ऑक्सिटोसिनने ही उसंतच नाहीशी झाली, तर बाळ गुदमरते. आधीचे सिझेरियन असेल तर गर्भाशय जुन्या टाक्यांवर फाटू शकते. ऑक्सिटोसिनचे सलाईन निदान बंद करता येते. बाळंतपणाआधी स्नायूत टोचलेले इंजेक्शन परत काढता येत नाही. म्हणून घाईपोटी दिलेल्या अशा सुईला मी उपचार मानत नाही. पण बाळ जन्मल्यावर तेच दहा युनिटचे इंजेक्शन आईचा जीव वाचवते.

बाळ जन्मल्यावर दिलेल्या औषधाने रक्तस्राव टळू शकतो, हे कोल्हापूरशेजारच्या बेळगाव जिल्ह्याने जगाला दाखवले. तिथल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर झालेला अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळ जन्मल्यावर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. औषधाच्या जोडीला तिथे शिकलेली नर्स हजर होती, हे विसरू नये.

२०१८ मध्ये म्हशी पान्हवण्यासाठी होणाऱ्या गैरवापराचे कारण देऊन केंद्राने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दुधाच्या कोल्हापूर जिल्ह्याला गैरवापराची चिंता वाटणे रास्तच. पण सारा वाद औषध कोणी बनवायचे यावर झाला. ते टोचल्यावर खाटेपाशी कोण थांबणार, हे कोणी विचारले नाही.

केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात गरज नसताना कळा वाढवू नयेत, असे म्हटले आहे. ते पाळायचे तर प्रत्येक प्रसूतिगृहात रात्रपाळीलाही पुरेशा नर्स हव्यात. सलाईन कधी लावले, थेंब किती, बाळाचे ठोके किती, हे केसपेपरवर वेळेसह लिहिलेले हवे. आणि सुई टोचण्याआधी ती कशासाठी, हे त्या बाईला सांगितले पाहिजे.