मनाचे गुण आणि शेतकऱ्याचा आवाका

रोग कशाने होतो, हे वैद्यकशास्त्र नेहमीच विचारीत आले आहे. एवढे सोसूनही माणूस धडधाकट राहतो कसा, हा उलटा प्रश्न आरोन अँटोनोव्हस्की ह्या समाजशास्त्रज्ञाने इस्रायलात विचारला. उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांची पाहणी करताना त्यांना दिसले की, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांची मनःप्रकृती बरी होती. छावणी न पाहिलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के होते. फरक मोठाच, पण त्यांचे लक्ष खिळले ते त्या २९ टक्क्यांवर.

ह्या बळाला आपण सुसंगतीची जाण म्हणू. काय घडते आहे ते कळणे, ते पेलण्याचा आवाका असणे आणि त्यासाठी खपण्यात अर्थ वाटणे, असे तिचे तीन धागे. १९८७ साली त्यांनी २९ प्रश्नांची मापणी छापली. दर प्रश्नाला १ ते ७ गुण. गुण कमी तेथे खिन्नता व चिंता अधिक, असे पुष्कळ देशांतील पाहण्यांत आढळले आहे.

परंतु खिन्न माणसाला विचारले तर सारे निरर्थक आहे असेच तो सांगणार! मग गुण कमी म्हणून मन खचले, की मन खचले म्हणून गुण कमी? ह्यावर संशोधकांतही वाद आहे. तेव्हा एका कागदावरून कोणाला दुबळ्या मनाचा ठरवणे आम्हांस मान्य नाही.

आम्हांस मोलाचा वाटतो तो दुसरा धागा. कापणीच्या तोंडावर भात आडवे झाले आणि सोसायटीचा हप्ता दारात आला, तर काय घडले ते शेतकऱ्याला नीट कळते. लेकरांसाठी खपण्यात अर्थही वाटतो. अपुरा पडतो तो आवाका. अशा वेळी “विश्वास ठेव, धीर धर” एवढेच सांगून आपण उठतो, हे बरे नव्हे. अँटोनोव्हस्की ह्यांच्या मते आवाका केवळ स्वतःच्या बळाचा नसतो. जोडीदार, मित्र, डॉक्टर, देव, ज्यांच्यावर भरवसा टाकता येतो त्यांचेही बळ त्यात धरायचे. देव त्या यादीत आहे ह्याचा आनंद आहेच, पण मित्रही आहे ना? पीकविम्याचा अर्ज भरून देणे, बँकेत सोबत जाणे, एक दिवस आपला ट्रॅक्टर देणे, ह्याने समोरच्याचा आवाका वाढतो.

झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र शेजारधर्मावर भागवू नये. सरकारी दवाखाना गाठावा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ ह्या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करावा. करवत नसेल, तर घरच्यांनी लावून द्यावा.