पहिल्या शर्यतीची वेळ आणि वाढते वय

पाऊस ओसरू लागला की तालुक्यातालुक्यांत शालेय मैदानी स्पर्धा सुरू होतात. फक्कीने आखलेल्या मैदानावर नववी-दहावीतली एखादी मुलगी १५०० मीटर धावते. गेल्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आलेली असते, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच असतात. शर्यत संपते, स्टॉपवॉच थांबते आणि एका शब्दात निकाल लागतो : ‘सुधारली’ किंवा ‘घसरली’. त्या आकड्यावर पुढच्या स्पर्धा ठरतात, दहावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांचे गणित मांडले जाते आणि सरावही वाढवला जातो. हंगामातल्या पहिल्याच शर्यतीवर एवढे ओझे टाकणे शरीरशास्त्राला धरून नाही.

वेळेत केवळ धावणारीची क्षमता मोजली जात नाही. ओल्या मातीत पाय रुततो. २०० मीटरच्या मैदानावर ४०० मीटरच्या सिंथेटिक ट्रॅकपेक्षा दुप्पट वळणे घ्यावी लागतात. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापते, त्वचेकडे जास्त रक्त जाते आणि तोच वेग राखायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. अशा हवेशी जुळवून घ्यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला सराव जोरात असतो आणि विश्रांती कमी. थकलेल्या पायांनी दिलेली वेळ ही त्या मुलीची खरी मर्यादा नसते.

एकूण वेळेपेक्षा फेऱ्यांच्या वेळा अधिक सांगतात. समजा, ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोघींनी १५०० मीटरला बरोबर पाच मिनिटे घेतली. एकीच्या पहिल्या तीन फेऱ्या ७२, ८० आणि ८६ सेकंदांच्या, तर शेवटचे ३०० मीटर ६२ सेकंदांत. दुसरीच्या ८२, ८१ आणि ७९, तर शेवटचे ३०० मीटर ५८ सेकंदांत. कागदावर दोघी सारख्याच आहेत. पण पहिली सुरुवातीलाच ताकद उधळून बसली आणि दुसरीकडे अजून शिल्लक आहे. पहिलीला गरज आहे ती वेगाचा अंदाज शिकवण्याची. तिच्या किलोमीटरमध्ये भर घालून ती गरज भागत नाही.

खरा प्रश्न उभा राहतो तो वेळ सातत्याने घसरते तेव्हा. मुलींची उंची साधारण बाराव्या, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. हाडांत खनिजे भरण्याचा वेग मात्र त्यानंतर काही महिन्यांनी शिखर गाठतो. मधल्या काळात हाड लांब झालेले असते, पण पुरेसे भक्कम नसते. वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाणही नैसर्गिकपणे वाढते. एखादा हंगाम वेळ पुढे सरकली नाही, तर त्यात आळस शोधू नये. अशा वेळी ‘वजन कमी कर’ असे सांगणे ही सर्वांत घातक सूचना ठरते.

अमेरिकेच्या मेरी केनचे उदाहरण बोलके आहे. २०१३ मध्ये, शाळेत असतानाच, तिने ८०० मीटर १ मिनिट ५९.५१ सेकंदांत पार केले आणि त्याच वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी गाठली. पुढे, २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले, की वजन घटवण्याच्या दबावाखाली तीन वर्षे तिची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले, की शरीर आधी प्रजननसंस्थेचे काम थांबवते. इस्ट्रोजेन घटते आणि हाडे ठिसूळ होतात.

आपल्याकडे त्यात रक्तक्षयाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. त्या मुलीला ‘जिद्द नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. रक्ताची साधी तपासणी, शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जेवणाला लागून चहा टाळणे, एवढ्यानेही अनेकींचे धावणे सुधारू शकते.

चांगली वेळही तितकीच जपून वाचायला हवी. पहिल्याच शर्यतीत चमकलेल्या मुलाला एका दिवशी ८००, १५०० आणि ३००० मीटरला उतरवण्याचा मोह होतो. नडगीचे दुखणे, स्ट्रेस फ्रॅक्चर इथूनच सुरू होते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले आणि विशीत गांभीर्याने धावू लागले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. लांब पल्ल्याच्या धावपटूला सोळाव्या वर्षी शिखर गाठण्याची घाई नसते. ती बहुधा मोठ्यांनाच असते.

म्हणून क्रीडाशिक्षकांच्या वहीत वेळेशेजारी आणखी काही रकाने हवेत : प्रत्येक फेरीची वेळ, मैदान आणि हवा, आदल्या रात्रीची झोप, कुठे दुखते का. पाळीची नोंद मुलीने स्वतः ठेवावी आणि विश्वासातल्या शिक्षिकेला किंवा आईला सांगावी. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा नियमित पाळी तीन महिने चुकली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. हाडाच्या एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवावे. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय शर्यतीत उतरवू नये.

पहिली शर्यत ही हंगामाची पहिली तपासणी आहे. तिच्यातून कळते ते सराव कसा बदलायचा हे. मूल पुढे कुठवर जाईल, हे त्या दिवशी कोणत्याही घड्याळात दिसत नाही.