खेळासाठीं दोन लाखांचें कार्ड

गेल्या सहामाही परीक्षेनंतरच्या सुटींत एक पालक आपल्या मुलाला घेऊन माझ्या घरीं आले. मुलगा दहावींतला; गणितांत तल्लख, शुद्धलेखनांत बेफिकीर. वडिलांच्या हातांत कागदाचा एक कपटा होता व त्यावर मुलाच्या अक्षरांत ‘जीफोर्स आरटीएक्स ५०९०’ एवढेंच लिहिलेलें होतें. ते म्हणाले, “सर, ज्याच्यावांचून ह्याला अन्न गोड लागत नाहीं, तें हें काय प्रकरण आहे तें आम्हांला एकदां सांगा, आणि घ्यावें कीं न घ्यावें तेंही सांगा. पैसे नाहींत असें नाहीं, पण ते ह्याच्या कॉलेजासाठीं बाजूला ठेवलेले आहेत.” मुलगा मान खालीं घालून उभा होता. मीं दोघांकडेही पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या मुदतींत जें वाचलें, पाहिलें व मनाशीं ठरविलें, तें आमच्या शाळेंतील आणखी कांहीं घरांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होय. ज्याला ‘फोर-के’ पडदा म्हणतात, त्यावर आडवे ३,८४० व उभे २,१६० असे सुमारें ८३ लाख ठिपके असतात. खेळांतील मोटार सफाईनें धांवतांना दिसावयाची, तर ही सबंध रांगोळी पुसून एका सेकंदांत साठ वेळां नवी काढावी लागते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे! संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या प्रकांड पंडितासारखा असतो. कितीही अवघड काम तो करील, परंतु एका वेळीं थोडेंच करील. ग्राफिक्स कार्डांत ह्याच्या उलट, साधीं गणितें करणारे हजारों लहान कामकरी एकाच वेळीं आपापल्या ठिपक्यावर बसतात. ५०९० मध्यें अशा कामकऱ्यांची संख्या २१,७६० आहे.

हें कार्ड चालतांना मीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं पाहिलें. पावसानें भिजलेल्या रस्त्यावर दुकानांच्या दिव्यांचीं प्रतिबिंबें पडलीं होतीं, आणि मोटार पुढें गेली तसतशीं तीं डबक्यांतून सरकत व मोडत होतीं. प्रकाशाचा किरण कोठून निघतो व कशावर आपटून कोठें जातो ह्याचें गणित तें यंत्र क्षणोक्षणीं करीत होतें. अर्धा तास मी खुर्चीवरून उठलों नाहीं, हें कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. जे पालक ह्या सर्व प्रकारास सैतानाची पेटी म्हणून मोकळे होतात, त्यांनीं एकदां तरी शेजारीं बसून तें पाहावें. मुलाचें मन कशानें वेडावलें आहे हें न कळतां दिलेला उपदेश त्याच्या कानाशींच थांबतो.

आतां तोलून पाहण्याकडे वळूं. एन्व्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनीं ६ जानेवारी २०२५ रोजीं लास व्हेगास येथें हें कार्ड जाहीर केलें व त्याच महिन्याच्या ३० तारखेस तें विक्रीस आलें. जाहीर किंमत अमेरिकेंत १,९९९ डॉलर व भारतांत २,१४,००० रुपये. बाजारांत मात्र त्या किंमतीस तें मिळणें दुर्घट झालें व दुकानांतून त्याहून पुष्कळ मोठे आंकडे ऐकूं येऊं लागले. ह्याच्या आधीचें थोरलें भावंड म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्यें आलेलें ४०९०. त्याची किंमत १,५९९ डॉलर, कामकरी १६,३८४, स्मरणशक्ति २४ गिगाबाइट व विजेची भूक ४५० वॅट. नव्याची स्मरणशक्ति ३२ गिगाबाइट व भूक ५७५ वॅट. म्हणजे कामकरी सुमारें तेहतीस टक्क्यांनीं वाढले, वीज अठ्ठावीस टक्क्यांनीं वाढली, किंमत पंचवीस टक्क्यांनीं वाढली. आणि कंपनीशीं संबंध नसलेल्या परीक्षकांनीं मोठ्या पडद्यावर खेळ लावून मोजलें, तेव्हां वेगही पंचवीस ते पस्तीस टक्क्यांच्या आसपासच वाढलेला आढळला. दोन्हीं कार्डांच्या चकत्या तैवानच्या टीएसएमसी कारखान्यांत एकाच जातीच्या प्रक्रियेनें बनलेल्या आहेत. माझ्या मतें ही उडी युक्तीची कमी व आकाराची अधिक आहे. जात्यांत जितकें अधिक घातलें तितकेंच अधिक पीठ पडलें.

मग जाहिरातींत दुप्पट-चौपट वेगाची भाषा कोठून आली? येथें विद्यार्थ्यांनीं जरा नीट लक्ष द्यावें. ह्या कार्डांत ‘डीएलएसएस ४’ नांवाची एक योजना आहे. तींत चित्र आधीं लहान आकारांत काढून कृत्रिम बुद्धिमत्तेनें मोठें केलें जातें; आणि शिवाय दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें तीनपर्यंत चित्रें अंदाजानें काढून घुसविलीं जातात. ‘सायबरपंक २०७७’ ह्या खेळांत सर्व शोभा पूर्णपणें चालू ठेवली असतां सेकंदाला तीसही चित्रें निघत नव्हतीं, तीं ह्या योजनेनें दोनशेंच्या वर गेलीं. डोळ्यांना तें गुळगुळीत दिसतें, व ही करामत कौतुकास्पद आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु खेळणाऱ्यानें कळ दाबली असतां तिचा परिणाम खऱ्या चित्रांतच उतरतो. मधल्या तीन चित्रांना त्या कळेची वार्ताही नसते. मूळचा वेग बरा असेल तर ही योजना सोनें, मूळचाच मंद असेल तर नुसता मुलामा. त्याच सभेंत ५४९ डॉलरच्या ५०७० ह्या धाकट्या कार्डांत ४०९० एवढें सामर्थ्य आहे असेंही सांगण्यांत आलें. तें ह्या घुसविलेल्या चित्रांसकट मोजलें म्हणून! माप बदलून धान्य मोजण्याचा हा प्रकार आमच्या बाजारपेठांना नवा नाहीं.

(जातां जातां एक गोष्ट. ह्या पिढीच्या कार्डांच्या रचनेस ‘ब्लॅकवेल’ असें नांव दिलेलें आहे. डेव्हिड ब्लॅकवेल, १९१९ ते २०१०, हे अमेरिकन गणिती. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे पहिले कृष्णवर्णीय सभासद ते १९६५ सालीं झाले. खेळांचें गणित हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. कार्डासाठीं हट्ट धरणाऱ्या मुलांपैकीं किती जणांस हें नांव कोणाचें हें ठाऊक आहे?)

विजेचा हिशेब सोपा आहे. कार्ड पूर्ण भरांत रोज तीन तास चाललें, तर महिन्याला सुमारें ५२ युनिटें एकट्या कार्डाचीं होतात. जुन्या पद्धतीचे सात-आठ पंखे एकदम फिरावे एवढी ती भूक आहे. त्यासाठीं कंपनी १,००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचविते, म्हणजे बहुतेक घरांतील पेटींतला जुना निरुपयोगी. कार्डास वीज पोंचविणारी तार जेथें जोडतात, तेथें प्लॅस्टिक वितळल्याच्या तक्रारी २०२२ मध्यें ४०९० विषयीं झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्यें ५०९० विषयींही झाल्या. अशीं उदाहरणें थोडीं, पण खोलींत मुलगा एकटा असतो हें आईवडिलांनीं लक्षांत ठेवावें.

इतकें झाल्यावर मीं त्या मुलास एकच प्रश्न केला: तुझा पडदा कसला आहे? त्याच्या घरचा पडदा १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचा, सेकंदाला साठ चित्रें दाखविणारा. कार्डानें दोनशें काढलीं तरी तो साठच दाखविणार! घागरीच्या तोंडावर धरण फोडण्यासारखें तें आहे. मुलगा हें जाणून होता असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें. तो आजवर घरीं बोलला नव्हता इतकेंच. “अभ्यासासही उपयोग होईल,” असें त्यानें वडिलांना सांगितलेलें होतें. तेंही खरें नाहीं. जे चित्रपटांचे देखावे संगणकावर घडवितात, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोठे नमुने स्वतःच्या यंत्रावर चालवितात, त्यांना ३२ गिगाबाइटांचें मोल आहे. तें कार्ड त्यांचें अवजार होय व तें त्यांनीं खुशाल घ्यावें. दहावीच्या मुलास ‘ब्लेंडर’ शिकावयाचें असेल तर तें फुकट मिळतें व ह्याच्या चौथाई किंमतीच्या कार्डावर उत्तम चालतें.

बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभु येशूचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. तो मीं वडिलांना सांगितला व कॉलेजाच्या पैशांतून हें कार्ड घेऊं नये असें माझें स्पष्ट मत दिलें. पण दृष्टांत मुलांसाठींच राखून ठेवलेला नाहीं, हेंही त्यांना म्हणणें मला भाग पडलें. एका संध्याकाळच्या मांडवावर व जेवणावळींवर दोन लाख खर्चतांना आपल्यापैकीं किती जण कागद घेऊन बसतात? मुलगा निदान ज्यावर खर्च करूं पाहत होता, त्याचे गुणदोष त्याला तोंडपाठ होते. वडील हंसले, फारसे बोलले नाहींत.

चार दिवसांनीं मुलगा एकटाच आला. वहीच्या दोन पानांवर त्यानें हिशेब मांडून आणला होता: कार्ड, पॉवर सप्लाय, नवा पडदा, महिन्याचीं युनिटें. बेरीज बरोबर होती. शेवटीं ५०९० वर काट मारून खालीं ५०७० व त्याची भारतांतील जाहीर किंमत ५९,००० लिहिली होती, आणि तिच्यापुढें प्रश्नचिन्ह. वडिलांना काय सांगूं, असें त्यानें विचारलें. ‘वीज’ हा शब्द त्यानें तीन ठिकाणीं ऱ्हस्व लिहिला होता. तेवढा मीं दुरुस्त केला आणि हींच पानें त्यांना दाखव म्हणून त्याच्या हातीं परत दिलीं.