पाण्यासाठी वाटाड्या

सह्याद्रीतल्या ट्रेकरला एक सवय लागलेली असते: अंगात दम असताना चढायचं, थकल्यावर उतरायचं. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हे गणित उलटं होतं. सकाळच्या गारव्यात माणूस मजेत खोल उतरत जातो आणि चढ शिल्लक राहतो तो गळालेल्या पायांना. या दरीतून दर वर्षी अडीचशेहून जास्त जणांना सोडवून आणावं लागतं.

पैसे देऊन गाइड घेतला म्हणजे ट्रेकच झाला नाही, असं मानणारे तिथेही आहेत आणि इथेही. पण वाळवंटी दरीतला हा ताठा महागात पडतो.

उत्तर काठावरून उतरणारी थंडर रिव्हरची वाट घ्या. कैबाब पठारावर पडलेला पाऊस आणि बर्फ चुनखडीच्या भेगांतून झिरपत खाली जातो. पाणी अडवणारा शेलचा थर लागला की ते कड्यातून बाहेर फुटतं. थंडर रिव्हर अशीच कपारीतून गर्जत कोसळते, एक किलोमीटरही न वाहता टॅपीट्स क्रीकला मिळते. नदीने ओढ्याला जाऊन मिळायचं, असा तिथला न्याय!

मात्र त्याआधी एस्प्लनेडचं उघडंबोडकं खडकाळ पठार आणि सरप्राइझ व्हॅलीची भट्टी ओलांडावी लागते. जाणता गाइड उतरतानाच पठारावर खडकाच्या सावलीला पाण्याच्या बाटल्या ठेवतो. त्यांवर नाव आणि परतीची तारीख लिहितो. वाळवंटात भरलेली बाटली मागे ठेवायची, हा नवख्याला वेडेपणा वाटतो. परतीच्या चढावर त्याच बाटलीकडे त्याचे डोळे लागलेले असतात. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. म्हणून भूक नसली तरी गाइड खारे दाणे हातावर ठेवतो आणि ते चावले जाईपर्यंत समोरून हलत नाही. त्याची फी या कटकटीची आहे, आणि ती वाजवी आहे.

ही वाट पुढे डिअर क्रीकला जाते. तिथल्या चिंचोळ्या घळीत खडकावर जुने हातांचे ठसे आहेत. सदर्न पायूट लोकांसाठी ती जागा पवित्र. सेल्फीसाठी ठशावर पंजा टेकवायला निघालेल्याला अडवणंही गाइडच्याच कामात येतं. कॅन्यनमधलं पाणी बेवारस नाहीच. हवासुपाई या जमातीच्या नावाचाच अर्थ निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं, आणि त्यांना त्यांच्या जमिनीचा मोठा भाग परत मिळायला 1975 साल उजाडावं लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी दरी काठावरूनच पाहावी. जून-जुलैत तळाशी पारा 43 अंशांच्या वर जातो. झऱ्यापर्यंत उतरायचंच असेल तर ऑक्टोबर निवडा. आणि गाइड ‘आज नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.