गोणी उचलली तर हमाली, पोरगं उचललं तर?

मंडळी, आपल्या भिवंडीत फुकट काही मोजलं जात नाही. लूमवर कारागिराची मजुरी मीटरवर. गोदामाचं भाडं चौरस फुटावर. पूर्णा, राहनाळला हमालाने गोणी ट्रकमधून उतरवली की नगावर हमाली. घरी बसून कपड्याचे धागे कापणाऱ्या बाईलासुद्धा, नखाएवढे का होईना, पैसे मिळतात.

आता कामतघरच्या एका घरात बघा. मुलगा तेरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, वजन तीसच्या पुढे. त्याला आई दिवसातून सात-आठ वेळा उचलते. गादीवरून मोरीत, मोरीतून गादीवर, तिथून खिडकीपाशी, कारण त्याला रस्ता बघायला आवडतो. भरवायला प्रत्येक वेळी पाऊण तास, घाई केली की ठसका लागतो. रात्री दोनदा कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नवरा लूमवर बारा तासांच्या पाळीत. ती आधी गोदामात पॅकिंगला जायची. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर सुटलं ते सुटलंच. मला म्हणाली, "भाऊ, फॉर्म भरताना धंद्याच्या रकान्यात काय लिहू? 'काही नाही' लिहिते."

माझं म्हणणं सरळ आहे. हे काम आहे आणि या कामाचे महिन्याला पैसे मिळाले पाहिजेत. आईला, बापाला, जो कोणी ते करतो त्याला.

हे कल्याण नाक्यावर चहा पिताना बोललो तर एक ज्येष्ठ परिचित चिडलेच. "अरे, आई पोटच्या पोराला सांभाळायचे पैसे मागणार? काय दिवस आणलेत तुम्ही पत्रकारांनी!" काका, मागत नाही ती. मागत नाही म्हणूनच तर आजवर मिळाले नाहीत. आणि माया विकत मागतंय कोण? मायेपोटी ती रात्री उठते, ते तिचं. पण त्या मायेपायी घरातला एक पगार कायमचा बंद झाला, डायपर-औषधांचा खर्च वाढला आणि तिची कंबर गेली, हा हिशेब कोणाचा?

बरं, हा काही माझ्या डोक्यातला किडा नाही, देशाच्या कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात काळजीवाहकाची व्याख्याच अशी केलीय की आईवडील आणि घरातली इतर माणसंही त्यात येतात, मग ती पैसे घेऊन काळजी घेवोत की पैसे न घेता. पुढे कलम २४ मध्ये सरकारने कोणकोणत्या योजना कराव्यात ते सांगितलंय. त्यात ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. फक्त त्याच कलमात सुरुवातीला एक पाचर मारून ठेवलीय: सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत'. ही मर्यादा बरोबर अशाच वेळी आठवते. या कलमाखाली भत्ता हातात पडलेली एकही आई मला आपल्या तालुक्यात आजवर भेटलेली नाही. कोणी असेल तर जरूर कळवा, मी आनंदाने बातमी करेन.

"संजय गांधी निराधार मिळते ना?" हा पुढचा प्रश्न. मिळते. दिव्यांगांसाठी ती रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १५०० वरून २५०० झाली, हे चांगलंच झालं. पण ते पैसे दिव्यांग व्यक्तीचे आहेत, तिच्या गरजेचे. सांभाळणाऱ्याच्या श्रमाचे नाहीत. आणि त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. म्हणजे महिन्याला ४१६६ रुपये. मला सांगा, भिवंडीत खोलीचं भाडं भरून, दोन वेळ जेवून, ४१६६ रुपयांत कोणाचं घर चालतं? पाळी करणारा कारागीर त्याहून जास्त कमावतो. मग त्याने दाखल्यावर खोटं लिहून घ्यायचं, नाहीतर बाहेर राहायचं. लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची आणि अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घराला पन्नास हजारांची! लाडकी बहीण बंद करा असं मी म्हणत नाही, आधीच सांगतो, नाहीतर उद्या त्यावरून भांडण सुरू व्हायचं. या आईलाही ते १५०० मिळतात. पण बहीण म्हणून मिळतात, ओवाळणीसारखे. दिवसरात्र राबते त्याचे म्हणून नाही.

सरकारला या कामाची किंमत कळत नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण नोकरीत ७३० दिवस. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या ३६५ ला ८० टक्के. एरवी मूल १८ वर्षांचं होईपर्यंतच ती घेता येते, दिव्यांग मुलासाठी मात्र वयाची अट नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्या बापालाही मिळते. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचलमधल्या सरकारी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशी रजा नसेल तर आईला नोकरीच सोडायची वेळ येऊ शकते. त्यांच्या मुलाला जन्मजात आजार होता. उत्तम. म्हणजे दिव्यांग मुलाजवळ घरी थांबणं हे पगार देण्याजोगं काम आहे, हे सरकारने मान्य केलंय. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांपुरतं.

प्राप्तिकरातही तेच. जुन्या करप्रणालीत घरी अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल तर ७५ हजारांची वजावट, ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. कर भरणाऱ्याच्या नुसत्या वजावटीत निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच वेळा बसते! नोकरदाराशी माझं वैर नाही, त्याचाही खर्च खराच आहे. पण लूमवाल्याचं मूल काय कमी दिव्यांग असतं?

आणखी एक. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईत गृहिणीचं उत्पन्न धरलं पाहिजे हे पुन्हा ठासून सांगितलं. म्हणजे ती गाडीखाली गेली की तिच्या कामाचा हिशेब निघतो. जिवंतपणी 'काही नाही'.

ब्रिटनची गोष्ट यानिमित्ताने सांगण्यासारखी आहे. तिथे घरच्या रुग्णाची काळजी घेण्यासाठी कामधंदा सोडणाऱ्यांना भत्ता सुरू झाला १९७६ मध्ये. पण विवाहित स्त्रियांना वगळून. का, तर त्या घरीच असतात की! आपल्या चहावाल्या काकांचंच लॉजिक. जॅकलिन ड्रेक नावाची बाई आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडून बसली होती. ती भांडली, प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८६ मध्ये हा भेदभाव संपला. दहा वर्षं लागली. एवढं लांब नको असेल तर केरळ बघा. तिथे 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना, तीव्र दिव्यांगांना पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरलेत. रक्कम हसण्यासारखी आहे आणि थकबाकीची ओरड तिथेही होते. पण निदान कागदावर त्या बाईला काळजीवाहक म्हटलंय.

खोटी प्रकरणं घुसतील, ही भीती मी उडवून लावणार नाही. आपण कुठे राहतो ते मला माहीत आहे. पण २०१६ च्याच कायद्यात जास्त आधाराची गरज कोणाला आहे हे तपासणाऱ्या मंडळाची तरतूद आहे, कलम ३८. मंडळाने घरी जाऊन बघावं. मुलाला मोरीपर्यंत कोण नेतं हे पाच मिनिटांत कळतं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. पैसे दिले की सरकार हात झटकेल आणि आई आणखी घट्ट चार भिंतींत बांधली जाईल. त्या मुलाला फिजिओथेरपीसाठी ठाण्याला न्यायचे तेव्हा अंजूर फाट्यापर्यंत रिक्षा, पुढे कशेळीची ट्रॅफिक, त्यात मूल मांडीवर. सहा महिन्यांत त्यांनी सोडून दिलं. तेव्हा दिवसभर मूल ठेवता येईल असं केंद्र जवळ हवंच, राष्ट्रीय न्यासाच्या त्यासाठी योजनाही आहेत. पण केंद्र होईल तेव्हा होईल. तोवर भत्ता थांबवून ठेवायचं कारण नाही.

मुंबईत मंत्रालय काय करेल ते करेल, आपल्या हातातलं बघू. महापालिकेने पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. राज्यातल्या काही महापालिका त्यातून थेट खात्यात रक्कम देतात. भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या अंदाजपत्रकात याच निधीतून घरी सांभाळणाऱ्या पालकासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडता येईल का, हे मी आयुक्तांना लेखी विचारणार आहे. नगरसेवकांनीही विचारावं. शिलाई मशीनवाटपाचा फोटो एक कमी निघाला तरी चालेल.

त्या अर्जासोबत जोडायला आपल्या शहरातली माहिती हवी. शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, नारपोली, कुठेही असाल, घरात असं मूल किंवा मोठं माणूस असेल तर मला मेसेज करा. नाव नको. एवढंच लिहा: दिव्यांगत्व किती टक्के, यूडीआयडी कार्ड निघालं का, दिवसभर कोण सांभाळतं आणि त्यासाठी त्याने कोणतं काम सोडलं. मराठीत, हिंदीत, उर्दूत, तेलुगूत, कसंही चालेल. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज टाका.