बुरशीचा दाणा चटणीत नको

भगिनींनो, खरिपाचा भुईमूग आता घरात येऊ लागला असेल. शेंगा फोडताना काळपट, सुरकुतलेले, हिरवट-पिवळी बुरशी धरलेले दाणे बाजूला निघतात. ते टाकून द्यायला जीव होत नाही. ‘खरपूस भाजले की काही होत नाही’ असे म्हणून ते चटणीत जातात, नाही तर म्हशीच्या आंबोणात. ही काटकसर घातक आहे.

या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते. बुरशी पुसली, धुतली तरी विष दाण्यात राहते. उकळून ते जात नाही. भाजून थोडेफार कमी होते, इतकेच. म्हशीला घातले तर ते दुधात उतरते आणि दूध पितात आपलीच मुले.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात आदिवासी कुटुंबांच्या खाण्यात पावसाने भिजून बुरशी धरलेला मका आला. सुमारे ४०० माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले, शंभरावर दगावली. त्या घरांतले अन्न खाणारी कुत्रीही मेली.

तेव्हा बुरशी येऊच न देणे हाच खरा उपाय. त्यासाठी एवढे करा :

१. शेंगा ताडपत्रीवर पातळ पसरून कडक वाळवा. रात्री झाकून ठेवा, दव लागू देऊ नका. शेंग हलवल्यावर दाणे खुळखुळले आणि चोळल्यावर दाण्याचे साल सुटले, की वाळली असे समजा.

२. खुरप्याने कापलेल्या, फुटलेल्या, कीड लागलेल्या शेंगा साठवणीत मिसळू नका. बुरशी तेथूनच शिरते.

३. पोती जमिनीवर नकोत. खाली फळ्या टाका आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडा. खताची रिकामी पोती वापरू नका.

४. साठवण शेंगांचीच करा. लागतील तेवढ्याच फोडा. टरफल नरम पडावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडू नका.

५. बुरशीचे दाणे घाण्यावरही पाठवू नका. विष पेंडीत जाते, तेलातही उतरते. उकिरड्यावर टाकले तर कोंबड्या टिपतात. खड्डा करून पुरा.

मका व ज्वारीलाही हेच लागू आहे. पावसात सापडलेले कणीस नीट पाहिल्याशिवाय कणगीत टाकू नका. मूठभर दाणे गेले तर जाऊ द्या. येत्या चार दिवसांत घरातली पोती एकदा उघडून पाहा.