भांडणानं गडी आत येत नाही

यात्रांचा हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यात रोज कुठं ना कुठं कबड्डीचे सामने लागतात. दुपारी कुस्त्यांचा आखाडा, दिवस मावळल्यावर लाइटच्या उजेडात कबड्डी. निरा डाव्या कालव्याच्या काठची गावं घ्या, नाहीतर उजनीच्या फुगवट्यावरची पळसदेव-भिगवणकडची, सगळीकडं रीत हीच. पहिलं बक्षीस कुणा उद्योजकाकडून, दुसरं कुणा माजी सरपंचाकडून, चषक कुणाच्या तरी स्मरणार्थ. आणि दर हंगामात एखादा तरी सामना असा होतो की शेवटची शिट्टी पंचाला वाजवायलाच मिळत नाही. आधी दोन पोरं एकमेकांच्या गळ्याला हात घालतात, मग दोन्ही संघ, मग मैदानाच्या कडंची माणसं, आणि शेवटी माइकवरचा निवेदक, ‘कृपया सर्वांनी खाली बसून घ्यावं, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे.’

मी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटीचा मास्तर होतो. त्याआधी डावा कॉर्नर खेळायचो. आता निवृत्तीनंतर गळ्यात शिट्टी अडकवून पंच म्हणून फिरतो. अशा भांडणानंतर पोरांना बाजूला घेऊन विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘सर, आमच्या गड्याला मुद्दाम मारलं. आम्ही काय बघत बसायचं?’

पोरांची भावना खोटी नाही. सोबत्याला लागलं आणि ज्याचं रक्त तापलं नाही, त्यानं सांघिक खेळात पडूच नये, घरी कॅरम खेळावा. पण पोरांना एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते. सोबत्याच्या मदतीला धावायची सोय कबड्डीनं नियमातच करून ठेवलीय. कुठल्या दुसऱ्या खेळात ती इतकी उघड दिसत नाही.

बघा. तुमचा गडी बाद झाला, बाहेर जाऊन बसला. त्याला आत आणायचा तुमच्या हातातला रस्ता एकच, समोरचा गडी बाद करायचा. चढाईत टिपा नाहीतर पकडीत धरा. एक गडी बाद केला की तुमचा एक गडी आत येतो, आणि जो आधी बाहेर गेला तोच आधी येतो. त्यात वशिला चालत नाही. जुन्या हुतूतूत गामिनी, अमर असेही प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. आजचा खेळ उभा राहिला तो बाद गडी परत आत आणणाऱ्या संजीवनीवर. नावातच सगळं आलं.

आणखी एक बारकावा आहे, तो प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. बोनस रेषेपलीकडं पाय टाकून आणलेल्या गुणानं गुणफलक हलतो, पण गडी उठत नाही. मी असे चढाईपटू बघितलेत की चार गडी बाहेर ताटकळत बसलेत आणि हा दर चढाईला बोनस घेऊन, छाती ठोकून परत येतोय. समोर सहा जण असल्याशिवाय बोनस मिळत नाही, म्हणजे धोकाही बेताचाच. टाळ्या मिळतात, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नावही येतं. बाहेर बसलेला मात्र बाहेरच. सोबत्यासाठी मैदानात हात उगारणाऱ्या पोरांतले निम्मे तरी मी हेच करताना बघितलेत. सोबत्याचा एवढा कळवळा असेल तर आत जाऊन कोपऱ्यातल्या गड्याला हात लाव आणि ये की परत!

तिसऱ्या चढाईचंही तसंच. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. आमच्याकडं सगळे तिला ‘थर्ड रेड’च म्हणतात. या चढाईला बरेच प्रशिक्षक संघातलं सगळ्यांत नवखं पोरगं पाठवतात. गेला तर गेला, मोठा खेळाडू वाचला पाहिजे. डाव म्हणून ते बरोबर असेलही. मला ते पटत नाही. ज्याच्या नावाचा बॅनर चौकात लागलाय त्यानं थर्ड रेडला जावं.

आता पकडीकडं येतो, कारण माझा जीव तिथं आहे. समोरून ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी चालून येतोय. त्याचा पाय निदान रेषेच्या आत पडला, वजन एका पायावर गेलं, त्या क्षणाला कॉर्नर खाली झेपावतो आणि घोटा धरतो. तिथून पुढचा सेकंद-दीड सेकंद कॉर्नर एकटा असतो. तोंड मातीत, दुसरा पाय कुठून येऊन कानशिलावर बसेल सांगता येत नाही, आणि चढाईवाला त्याला मध्यरेषेकडं फरपटत नेतोय. या वेळात कव्हर पोचला आणि त्यानं कमरेत हात घातला, तर पकड. नाही पोचला, तर चढाईवाला गुण घेऊन गेला आणि कॉर्नर बाद. साखळी म्हणतो ती हीच. आपण दोघं-दोघं हात धरून उभे राहतो ते शोभेला नसतं. मी खेळायचो तेव्हा आमच्याकडं एक हडकुळा कव्हर होता. ऊसतोडीच्या दिवसांत सकाळी मोळ्या बांधून संध्याकाळी सरावाला यायचा. पकडीचा गुण माझ्या नावावर लागायचा, त्याच्या नावावर काही नाही. पण तो पोचणार ही खात्री होती म्हणूनच मी खाली झेपावत होतो. माझ्या लेखी सोबत्यासाठी उभं राहणं म्हणजे तो कव्हर.

दणकट माणसं दणकट माणसांना कशी सांभाळतात हे बघायला मी मध्यंतरी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे सामने बघत होतो. नातवानं मोबाइलवर लावून दिले. लांबट चेंडू, अंडाकृती मैदान, एकेका बाजूला अठरा गडी. चेंडूवाल्याला खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरून आडवं करायची मुभा, आणि अंगावर चिलखत-बिलखत काही नाही. सोबत्याला कुणी आडवंतिडवं मारलं आणि तुम्ही धावून गेला नाहीत, तर तिथं तुमची किंमत कमी होते. आपल्या पोरांना हे ऐकून बरं वाटेल.

पण याच खेळातली माणसं कबड्डी खेळायला आली तेव्हाचं ऐका. 2016 मध्ये अहमदाबादेत कबड्डीचा विश्वचषक झाला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता कॅम्पबेल ब्राउन, हॉथॉर्न क्लबकडून 2008 चं अजिंक्यपद जिंकलेला फुटबॉलपटू. अंगाला भिडायला जराही न कचरणारा म्हणून तिकडं त्याचं नाव होतं. भारतानं तो सामना 54-20 असा जिंकला. ती माणसं ताकदीत कमी नव्हती, आपल्यातले दोन उचलून बाजूला ठेवतील अशी शरीरं. पण घोटा धरलेल्याच्या मदतीला कुणी, कुठून, किती वेळात यायचं हे अंगात मुरायला वर्षं जातात. पुढं 28 डिसेंबर 2024 ला मेलबर्नमध्ये जॉश गिब्सनच्या नेतृत्वाखाली तिथले फुटबॉलपटू प्रो कबड्डीच्या जुन्या खेळाडूंशी खेळले. आपल्या बाजूला अनुप कुमार, अजय ठाकूर अशी खेळ सोडलेली मंडळी होती. तरीही आपलेच जिंकले.

त्या लोकांकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. अंगावर घेणं म्हणजेच मर्दानगी, असं त्यांनीही पिढ्यानपिढ्या मानलं. मग बिलं यायला लागली. ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर हे त्यांच्या खेळातलं फार मोठं नाव, 2019 मध्ये वारले. त्यांच्या मेंदूची तपासणी झाली आणि डोक्याला वारंवार बसलेल्या माराचा आजार त्यात सापडला. 2021 पासून त्यांच्या मुख्य लीगनं नियम केला की डोक्याला मार लागून भोवळ आली तर किमान बारा दिवस खेळायचं नाही, खेळाडू कितीही मोठा असो. 2023 च्या बाद फेरीत मेलबर्न क्लबच्या अँगस ब्रेशॉच्या डोक्याला कॉलिंगवूडच्या खेळाडूचा खांदा लागला. तो खेळाडू चेंडू अडवायला उडी मारून आला होता, त्याला शिक्षा झाली नाही. ब्रेशॉनं मात्र पुढच्या फेब्रुवारीत, अठ्ठाविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं खेळ सोडला.

आमच्याकडं काय होतं? डोक्याला डोकं लागून पोरगं आडवं होतं. कुणीतरी पाण्याची बाटली डोक्यावर ओततं, कुणीतरी स्प्रे मारतं, आणि ते डोलत उभं राहिलं की सगळं मैदान शिट्ट्या मारतं. निवेदक ओरडतो, ‘याला म्हणतात वाघ!’ दोन मिनिटांनी वाघ चढाईला जातो आणि कुठल्या अंगणात जायचं हेच त्याला कळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वेळी त्याचे सहा सोबती काय करत होते? टाळ्या वाजवत होते. थोड्या वेळापूर्वी हेच सहा जण त्याच्यासाठी समोरच्याची गचांडी धरायला निघाले होते.

गुडघ्याची गोष्ट याहून वाईट, कारण ती डोळ्यांत भरत नाही. सुजलेल्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून खेळलेल्या पोराचा आमच्याकडं शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. या दोन तालुक्यांत कबड्डी खेळणाऱ्या पोरांपैकी बरीच पहाटे उठून पोलीस भरतीचाही सराव करतात. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाची आशा असते, ते नाही जमलं तर सरळ भरती. भरतीत सोळाशे मीटर पळावं लागतं. गुडघ्यातला लिगामेंट फाटलेला मुलगा सोळाशे मीटर वेळेत पुरं करत नाही, आणि शाल-श्रीफळ दाखवून कुणी त्याला घेत नाही. जिरायती पट्ट्यातल्या घरात ऑपरेशनला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न सत्कार करणाऱ्या मंडळाला नसतो.

दुखापतीत बाहेर बसण्यात कमीपणा नाही. ज्यांना टीव्हीवरचंच पटतं त्यांच्यासाठी अस्लम इनामदारचं उदाहरण देतो, शेजारच्या नगर जिल्ह्यातलं पोरगं. 1 मार्च 2024 ला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं हरियाणाला 28-25 असं हरवून प्रो कबड्डी पहिल्यांदा जिंकली. पुढच्या हंगामात त्याला दुखापत झाली आणि तो बाहेर बसला. त्याच्याविना पलटण बाद फेरीतही पोचली नाही. पण 2025 मध्ये तो परत आला आणि संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला.

भांडणाबाबतही एक दाखला आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, 7 ऑक्टोबर 2023, भारत विरुद्ध इराण, गुण 28-28. पवन सेहरावतच्या थर्ड रेडवरून वाद झाला. पंचांचा निर्णय फिरला, परत फिरला, सामना तासभर अडकला. सुवर्णपदक पणाला लागलेलं. खेळाडूंनी काय केलं? मॅटवर बसून राहिले. आधी एक संघ, मग दुसरा. शेवटी भारत 33-29 नं जिंकला. अस्लम त्या संघातही होता. तिथं सुवर्णपदकासाठी जे झालं नाही, ते इथं पाच हजार एक रुपयांच्या बक्षिसासाठी होतं.

मुद्दाम मारणारे असतात, हे मी नाकारत नाही. तोंड दाबून दम तोडणारे, पायांची कैची घालणारे, पडलेल्या माणसाच्या बरगडीत कोपर घालणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी पंचाच्या खिशात तीन कार्डं असतात. हिरवं समज द्यायला, पिवळं दोन मिनिटं बाहेर बसवायला, लाल सामन्यातून घालवायला. गावच्या सामन्यात पंच ती काढायला बिचकतो, कारण त्याला त्याच रस्त्यानं मोटारसायकलवरून घरी जायचं असतं. भांडणाला सुरुवात इथून होते. पंच घाबरला की न्याय करायचं काम पोरं स्वतःच्या हातात घेतात. कर्णधारानं पंचाकडं जाऊन दाद मागावी, आणि पंचाला कार्ड काढता येईल एवढी पाठराखण यात्रा समितीनं करावी.

म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या यात्रा समित्यांना आणि मंडळांना माझं सांगणं आहे. मैदानाभोवती दोरी नको, बॅरिकेड लावा. डॉक्टर मैदानावर बसलेला पाहिजे, ‘फोन केलाय, येतील’ असं नको. डोक्याला लागलेलं पोरगं त्या दिवशी परत आत जाणार नाही, मग त्याचा बाप सरपंच असला तरी. ज्या संघाचा राखीव खेळाडू किंवा पाठीराखा भांडायला रेषा ओलांडेल, त्याचा सामना तिथंच संपला. आणि उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड या दोन बक्षिसांबरोबर तिसरं एक ठेवा, दुसऱ्याच्या पकडीला सगळ्यांत आधी पोचणाऱ्या गड्यासाठी. पैसे नसले तर माझ्या पेन्शनमधून देतो.

ज्यांना मी पंच म्हणून हवा असेन, त्यांनी हे आधी समितीच्या बैठकीत ठरवावं आणि मग मला फोन करावा.